चूक चालेल, पण किती?

गेल्या अंकात मी एक विधान करून गेले होते: प्रत्येक रिपोर्टला शेवटच्या अंकापर्यंत बरोबर उत्तर लागतंच असं नाही, थोडी विसंगती चालवून घेतली तर तोच डेटाबेस बरंच जास्त काम उरकतो. त्यावर ढीगभर पत्रं आली. काही जणांनी ते वाचून उत्साहाने सगळ्या क्वेरींवर (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नांवर) नोलॉक, म्हणजे इतरांनी लावलेलं कुलूप न पाळता वाचायची सूट, लावून टाकलं, काहींनी मला चांगलंच फैलावर घेतलं. या वेळचं सदर त्याच विषयाला देते.

प्रश्न : आमचा महिनाअखेरचा एक रिपोर्ट सगळ्या खात्यांच्या शिलकेची बेरीज करतो. तो चालू असेपर्यंत बाकीचे व्यवहार रांगेत अडकतात. आमचे सिनियर म्हणतात, नोलॉक लाव आणि मोकळी हो. मॅडम, तुम्ही म्हणता ती ‘थोडी विसंगती’ हीच का?
— बॅकएंडवर काम करणारी वाचक

उत्तर : नाही. नोलॉकमुळे होणाऱ्या चुकीला वरची हद्द नाही, आणि सगळा मुद्दा त्या हद्दीचाच आहे.

नोलॉक, म्हणजे रीड अनकमिटेड, लावलं की क्वेरी कुणाच्याही लॉकला न जुमानता वाचत सुटते. अजून कमिट (पक्की) न झालेली रक्कमही ती उचलते. पुढे तो व्यवहार रोलबॅक (रद्द) झाला, तर कधी अस्तित्वातच नसलेली रक्कम तुमच्या बेरजेत बसली. एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. कमी जणांना ठाऊक असलेला प्रकार याहून वाईट आहे. स्कॅन चालू असताना पेज स्प्लिट होऊन (भरलेलं पान दुभंगून) एखादी रो, म्हणजे टेबलातली ओळ, दुसरीकडे सरकली, तर ती दोनदा वाचली जाऊ शकते किंवा अजिबात वाचली जात नाही. म्हणजे एखाद्या मोठ्या खात्याची अख्खी शिल्लक गायब, आणि रिपोर्टवर त्याची कसलीही खूण नाही. (पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस वापरणाऱ्यांची यातून सुटका आहे. तिथे रीड अनकमिटेड मागितलं तरी पदरात रीड कमिटेडच, म्हणजे फक्त कमिट झालेलं वाचणंच, पडतं.)

मोजून-मापून विसंगती चालवून घ्यायची कल्पना कॅल्टन पू आणि अव्राहम लेफ यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मांडली. तिचं नाव एप्सिलॉन सिरियलायझेबिलिटी. सिरियलायझेबिलिटी म्हणजे व्यवहार एकामागून एक केल्यासारखाच निकाल येणं, आणि एप्सिलॉन म्हणजे त्यात चालवून घेतलेली छोटी चूक. नाव भारदस्त आहे, पण आतली गोष्ट सरळ आहे. वाचणाऱ्या प्रत्येक क्वेरीने आधीच सांगायचं की माझ्या उत्तरात जास्तीत जास्त इतकी चूक आली तर चालेल. ही तिची आयात-मर्यादा. लिहिणाऱ्या ट्रान्झॅक्शननेही (म्हणजे व्यवहारानेही) सांगायचं की माझ्यामुळे इतरांच्या उत्तरात इतकीच चूक शिरू द्या. ही निर्यात-मर्यादा. डेटाबेसने दोन्हींचा हिशोब ठेवायचा आणि मर्यादा भरेपर्यंत कुणालाही अडवायचं नाही. दोन्ही मर्यादा शून्य केल्या की आपली नेहमीची सिरियलायझेबिलिटी परत येते.

तुमचाच रिपोर्ट घेऊन बघू. समजा १०,००० खाती आहेत आणि क्वेरी क्रमाने वाचत चालली आहे. आयात-मर्यादा ५,००० ठेवली. क्वेरी पाच हजाराव्या खात्याशी आली असताना एक व्यवहार येतो: खातं ७ मधून २,००० काढायचे आणि खातं ९,४०० मध्ये टाकायचे. खातं ७ क्वेरीने वाचून झालंय आणि त्याच्यावर तिचा रीड लॉक आहे. नेहमीच्या टू-फेज लॉकिंगमध्ये (घेतलेले लॉक काम संपेपर्यंत धरून ठेवायच्या पद्धतीत) हा व्यवहार क्वेरी संपेपर्यंत तिष्ठत बसला असता. इथे डेटाबेस विचारतो, किती फरक पडतोय? २,०००. क्वेरीच्या नावावर २,००० मांडले, ५,००० च्या आत आहेत, जाऊ द्या. व्यवहार कमिट होतो. पुढे क्वेरी खातं ९,४०० वाचते तेव्हा तिथे नवी शिल्लक असते. तेच २,००० दोन्हीकडे मोजले गेले, म्हणून बेरीज २,००० ने जास्त आली. मांडलेली चूक आणि झालेली चूक बरोबर जुळतात.

मग २,५०० चा दुसरा व्यवहार येतो. एकूण ४,५००, तोही जातो. तिसरा ८०० चा. आता ५,३०० होतील, म्हणून तो थांबतो आणि क्वेरी संपल्यावरच पुढे सरकतो. तुमच्या हातात येणारी बेरीज खऱ्या बेरजेपासून वर किंवा खाली ५,००० पेक्षा जास्त ढळलेली नसेल, याची हमी आहे. नोलॉककडून अशी हमी मागून बघा.

एक गोष्ट लक्षात घ्या. हा हिशोब सावधपणे, चूक जास्तच धरून केलेला असतो. एका व्यवहाराने बेरीज २,००० ने वाढली आणि दुसऱ्याने २,००० ने घटली, तर खरी चूक शून्य, पण मांडलेली ४,०००. चिन्ह बघितलं जात नाही. क्वेरी खातं ९,४०० वाचायला गेली तेव्हा पहिला व्यवहार अजून कमिट झालेला नसता, तर तेच २,००० पुन्हा एकदा मांडले गेले असते. काही वाचकांना हा नाकर्तेपणा वाटतो. मला तो आवडतो, कारण हमी एकाच दिशेने चुकते: सांगितल्यापेक्षा उत्तर बरं निघू शकतं, वाईट कधीच नाही.

प्रश्न : कॉलेजच्या सेमिनारसाठी कन्करन्सी कंट्रोलच्या (एकाच वेळी चालणाऱ्या व्यवहारांना आवर घालायच्या पद्धतींच्या) कामगिरीवरचे शोधनिबंध वाचतोय. एकात ऑप्टिमिस्टिक पद्धत जिंकते, दुसऱ्यात लॉकिंग जिंकतं, तिसरा म्हणतो की विसंगती चालवून घेतली तर दोघांपेक्षा बरं. विश्वास कुणावर ठेवायचा?
— संगणक अभियांत्रिकीचा विद्यार्थी

उत्तर : निष्कर्ष वाचायच्या आधी गृहीतकं वाच. या विषयात भांडण बहुतेक वेळा तिथेच मिटतं.

कुंग आणि रॉबिन्सन यांनी १९८१ मध्ये ऑप्टिमिस्टिक पद्धत मांडली: लॉक लावूच नका, काम उरका आणि शेवटी टक्कर झाली का ते तपासा. झाली असेल तर काम टाकून पुन्हा सुरू करा. पुढची काही वर्षं कोण वेगवान यावर उलटसुलट निकाल येत राहिले. १९८७ मध्ये अगरवाल, कॅरी आणि लिव्हनी यांनी त्यातली मेख दाखवली. ज्यांनी सीपीयू आणि डिस्क अमर्याद धरल्या त्यांच्याकडे रीस्टार्ट करणारी पद्धत जिंकत होती, कारण फुकट गेलेल्या कामाची किंमतच धरलेली नव्हती. ज्यांनी साधनसामग्री मर्यादित धरली त्यांच्याकडे थांबवून ठेवणारी लॉकिंग पद्धत जिंकत होती. मॉडेलं वेगळी होती, म्हणून निकाल वेगळे होते. तुझ्या हातातल्या प्रत्येक निबंधाला हा प्रश्न आधी विचार: टाकून दिलेल्या कामाची किंमत कुठे धरली आहे?

आता लॉकिंग मुळात कोलमडतं का, ते बघ. ते समजलं की विसंगती चालवून घेऊन नेमका कुठे फायदा होतो हे आपोआप कळतं. टे, गुडमन आणि सुरी यांनी १९८५ मध्ये एक सुटसुटीत आडाखा दिला. एक ट्रान्झॅक्शन ‘क’ लॉक घेते, एका वेळी ‘न’ ट्रान्झॅक्शन चालू असतात, लॉक लावता येतील अशा वस्तू ‘ड’ आहेत. क चा वर्ग गुणिले न भागिले ड, हा आकडा साधारण १.५ च्या वर गेला की थ्रॅशिंग सुरू होतं. म्हणजे आणखी ट्रान्झॅक्शन आत सोडल्या तर काम वाढायच्या ऐवजी घटतं, कारण आत आलेल्या बहुतेक नुसत्या एकमेकींची वाट बघत उभ्या असतात.

क = १०, न = ५०, ड = १०,००० धर. १०० गुणिले ५० भागिले १०,०००, म्हणजे ०.५. आरामात आहोत. फक्त क दुप्पट कर, २०. आकडा चौपट होऊन २ वर जातो आणि गाडी गाळात. ट्रान्झॅक्शनची संख्या वाढण्यापेक्षा तिची लांबी वाढणं किती महागात पडतं ते यात दिसतं.

दुसरी गंमत. या आडाख्यात सगळ्या वस्तूंना सारखीच मागणी आहे असं धरलंय. प्रत्यक्षात ८० टक्के मागणी २० टक्के वस्तूंवर पडते असं धर. दोन ट्रान्झॅक्शन एकाच वस्तूवर येण्याची शक्यता मग ०.८ चा वर्ग भागिले ०.२, अधिक ०.२ चा वर्ग भागिले ०.८, म्हणजे ३.२ अधिक ०.०५, एकूण ३.२५ पट होते. डेटाबेस जणू तेवढ्या पटीने लहान झाला. आपला आरामातला ०.५ चा आकडा १.६२५ होतो. क तोच, न तोच, आणि आपण हद्दीच्या पलीकडे. ज्या निबंधात सगळीकडे सारखी मागणी धरली आहे, त्यातले आलेख म्हणूनच इतके देखणे असतात.

आता या गर्दीत तो महिनाअखेरचा रिपोर्ट सोड. त्याचा क दहा नाही, वीस नाही, दहा हजार आहे. त्याचे लॉक फक्त वाचनाचे असले तरी प्रत्येक लिहिणारा त्यांना अडतो, आणि अडलेल्या लिहिणाऱ्याच्या हातात आधीच घेतलेले लॉक असतात, त्यांना आणखी कुणी अडतं. एका लांब क्वेरीने शेपूट लावत नेलेली ही रांग असते. एप्सिलॉन पद्धत नेमकी तीच तोडते. लिहिणाऱ्या ट्रान्झॅक्शन एकमेकींत पूर्वीसारख्याच काटेकोर राहतात, फक्त वाचणाऱ्या क्वेरीशी होणारी टक्कर मर्यादेपर्यंत माफ होते. कामत आणि रामामृतम यांनी १९९३ मध्ये टाइमस्टँपवर (व्यवहारांचा क्रम वेळेच्या शिक्क्यावरून ठरवून) चालणाऱ्या एका प्रोटोटाइपवर हे मोजून पाहिलं. विसंगतीची मर्यादा सैल केली तसं थ्रूपुट, म्हणजे ठरावीक वेळात उरकणारं काम, वाढलं आणि थ्रॅशिंगचा बिंदू पुढे सरकला, म्हणजे एका वेळी जास्त ट्रान्झॅक्शन आत घेता आल्या.

सेमिनारमध्ये उठून दिसायचं असेल तर एक जास्तीचा विचार मांड. मर्यादेचा उपयुक्त पट्टा कुठून कुठपर्यंत असतो? समजा एक व्यवहार सरासरी ५०० ने शिल्लक बदलतो आणि क्वेरी चालू असताना साधारण ४० टकरी होतात. मर्यादा ५०० च्या खाली ठेवली, तर सरासरी आकाराची पहिली टक्करसुद्धा मावत नाही. हिशोब ठेवायचा भुर्दंड पडतो, हाती फारसं काही लागत नाही. ४० गुणिले ५००, म्हणजे २०,००० च्या बऱ्याच वर ठेवली, तर जास्तीची सूट कुणी वापरतच नाही. खेळ सगळा या दोन आकड्यांच्या मधला. एखाद्या निबंधाने मर्यादा ‘कमी, मध्यम, जास्त’ अशी दिली असेल पण व्यवहाराचा सरासरी आकार दिला नसेल, तर त्या आलेखातून काहीच कळत नाही. आणि निव्वळ लिहिणाऱ्यांचीच गर्दी असेल, किंवा टकरीच होत नसतील, तर ही पद्धत एका पैचा फायदा देत नाही. तसे आलेख सहसा छापले जात नाहीत, ते तू काढून दाखव.

प्रश्न : आता सगळीकडे एमव्हीसीसी (एकाच रोच्या अनेक आवृत्त्या ठेवायची पद्धत) आहे. वाचणारा लिहिणाऱ्याला अडवतच नाही. हा सगळा जुन्या काळातला वाद तुम्ही उकरून का काढताय?
— एक डीबीए (डेटाबेस व्यवस्थापक)

उत्तर : तुमचा अर्धा मुद्दा मान्य. एका मशीनवरच्या डेटाबेसमध्ये रिपोर्ट चालवायचा असेल आणि स्नॅपशॉट, म्हणजे एका क्षणाचं गोठवलेलं चित्र, मिळत असेल, तर बिनदिक्कत तो घ्या. उत्तर एका क्षणाचं, पूर्ण सुसंगत मिळतं आणि लिहिणारे मोकळे राहतात. पहिल्या प्रश्नातल्या वाचकालाही माझा सल्ला हाच आहे, तिचा डेटाबेस तो देत असेल तर.

पण स्नॅपशॉट फुकट नाही. लांब क्वेरीसाठी जुन्या आवृत्त्या जपून ठेवाव्या लागतात. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये तासन् तास उघडी राहिलेली एक ट्रान्झॅक्शन व्हॅक्यूमला (जुन्या आवृत्त्या साफ करणाऱ्या कामाला) कचरा उचलू देत नाही आणि टेबलं फुगत जातात. ओरॅकल या डेटाबेसमध्ये अंडूची (जुनी मूल्यं जपायची) जागा संपली की ‘स्नॅपशॉट टू ओल्ड’ असं सांगून क्वेरीच गळपटते, तीही बहुधा नव्वद टक्के काम उरकल्यावर. ज्यांनी रात्रपाळी केली आहे त्यांना तो एरर पाठ असतो.

दुसरं म्हणजे स्नॅपशॉट आयसोलेशनने लिहिणाऱ्यांना दिलेली सूट. बेरेन्सन, ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये तिच्यावर बोट ठेवलं. दोन गोदामांत मिळून किमान १०० नग राहिलेच पाहिजेत असा नियम आहे. एकात ८० आहेत, दुसऱ्यात ७०. एक ट्रान्झॅक्शन पहिल्यातून ५० काढते, दुसरी त्याच वेळी दुसऱ्यातून ५०. दोघींच्या स्नॅपशॉटमध्ये एकूण १५० दिसतात, वजा ५०, उरले १००, नियम पाळला. दोघी वेगवेगळ्या रोंवर लिहितात, म्हणून टक्कर नाही. दोघी कमिट होतात आणि गोदामांत मिळून ५० उरतात. याला राइट स्क्यू म्हणतात. आता मला सांगा, ही चूक किती मोठी होऊ शकते याची मर्यादा तुमच्या डेटाबेसमध्ये कुठे लिहिली आहे? कुठेच नाही. म्हणजे विसंगती तुम्हीही चालवून घेताच आहात, फक्त मोजत नाही. पोस्टग्रेएसक्यूएलने २०११ मध्ये ९.१ आवृत्तीत सिरियलायझेबल पातळी खरोखरची सिरियलायझेबल केली, ती केहिल, रोम आणि फेकेट यांच्या २००८ च्या कामावर आधारून. पण ती डीफॉल्ट नाही. डीफॉल्ट रीड कमिटेड आहे, ओरॅकलमध्येही तेच. तुमच्याकडे किती जणांनी ती बदलली आहे?

तिसरं, एका मशीनच्या बाहेर पडलात की वाद नव्याने जिवंत होतो. रेप्लिकावरून (दुसऱ्या मशीनवरच्या प्रतीवरून) वाचलं की उत्तर शिळं असतं, प्रश्न किती शिळं एवढाच. यू आणि वाहदात यांनी २००० मध्ये टॅक्ट या नावाने जे मांडलं त्यात विसंगतीची तीन मापं आहेत: आकड्यातली चूक, क्रमातली चूक आणि शिळेपणा. आज अझूर कॉसमॉस डीबीमध्ये ‘बाउंडेड स्टेलनेस’ निवडलं तर किती आवृत्त्या किंवा किती वेळ मागे असलेलं चालेल ते आकड्यात सांगता येतं. गूगलच्या स्पॅनरमध्येही वाचताना शिळेपणाची वरची हद्द देता येते. ही कल्पना त्याच घराण्यातली. फरक असा की तिथे माप वेळेचं किंवा आवृत्त्यांचं आहे, मूल्याचं नाही. पाच सेकंद जुनं उत्तर मूल्याने किती चुकलेलं असेल ते त्या पाच सेकंदांत काय घडलं यावर ठरतं, आणि गर्दीच्या नेमक्या वेळी ते सगळ्यात जास्त चुकलेलं असतं.

प्रश्न : आमच्याकडे एकाच वस्तूच्या साठ्याच्या रोवर शेकडो ट्रान्झॅक्शन तुटून पडतात. इथे थोडी चूक चालवून घेतली तर?
— ऑर्डर सिस्टिमवर काम करणारा वाचक

उत्तर : इथे नको. साठ्यात चूक चालवून घेतली की नसलेला माल विकला जातो. शिवाय त्याची गरजही नाही. पॅट्रिक ओनील यांनी १९८६ मध्ये मांडलेली एस्क्रो पद्धत बघा. वजाबाकी कुठल्याही क्रमाने केली तरी उत्तर तेच येतं, मग एका वजाबाकीने दुसरीसाठी थांबायचं कशाला? साठा १०० आहे. ३० आणि ४० काढणाऱ्या दोन ट्रान्झॅक्शन अजून कमिट व्हायच्या आहेत, २० भरणारी एकही तशीच आहे. अंतिम साठा काहीही झालं तरी ३० च्या खाली जाणार नाही आणि १२० च्या वर जाणार नाही. २५ मागणारी नवी ट्रान्झॅक्शन आली तर तिला लगेच द्या. ३५ मागणारी आली तर तिला थांबवा, कारण ते देण्याची खात्री आज नाही. रोवर लॉक धरला जातो तो या हिशोबापुरता, ट्रान्झॅक्शन संपेपर्यंत नाही. रांग मोडते आणि साठा पै न् पै बरोबर राहतो.

त्याच साठ्याचा डॅशबोर्ड हवा असेल, तर तिथे ‘३० ते १२०’ खुशाल दाखवा. बघणाऱ्याला मर्यादित विसंगती, विकणाऱ्याला शून्य.

प्रश्न : मर्यादा शून्य ठेवली तर काही तोटा आहे का?
— एक वाचक

उत्तर : उत्तरात नाही. प्रत्येक टकरीला फरक मोजायचा जो हिशोब चालतो, त्याचा थोडा भार पडेल. तेवढ्यासाठी साधं लॉकिंगच वापरा.

प्रश्न : हा एप्सिलॉनचा आकडा ठरवायचा कुणी? मी टीममध्ये विचारलं, एक म्हणाला एक टक्का, दुसरा म्हणाला शून्य, तिसरा म्हणाला तुम्हीच ठरवा. आणि ठरवला तरी तो टाकायचा कुठे? आमच्या डेटाबेसमध्ये असं काही सेटिंगच दिसत नाही.
— एका टीमची लीड

उत्तर : टीममधल्या कुणीच ठरवू नये. जो माणूस तो आकडा बघून काही निर्णय घेतो, त्याला विचारा, आणि ‘किती चूक चालेल’ असं विचारू नका. तसं विचारलं की प्रत्येक जण शून्य म्हणतो. ‘आकडा किती बदलला तर तुमचा निर्णय बदलेल?’ असं विचारा. मी एका वित्तसंस्थेच्या सिस्टिमवर काम करत असताना लेखा विभागाचे प्रमुख दोन प्रिंटआउट घेऊन आले होते. एकाच संध्याकाळचे, एकच रिपोर्ट, बेरीज वेगळी. फरक एवढा किरकोळ होता की त्या रिपोर्टवरून ठरणारं काहीच बदलत नव्हतं. त्यांनाही ते मान्य होतं. त्यांची तक्रार वेगळी होती: कागदावर कुठेच लिहिलेलं नव्हतं की फरक पडू शकतो. तेव्हापासून मी असल्या रिपोर्टच्या तळाशी मर्यादा छापायला लावते. तक्रारी त्यानंतर आल्या नाहीत असं नाही, पण त्या ‘मर्यादा कमी करा’ अशा आल्या, आणि तसं बोलणं झालं की काम पुढे सरकतं.

काही ठिकाणी मर्यादा ठरवताच येत नाही. ‘मंजूर’ आणि ‘नामंजूर’ यांच्यात अंतर किती? पत्त्यात चूक किती टक्के? दोन मूल्यांमधलं अंतर आकड्यात सांगता येत असेल तिथेच ही पद्धत लागू पडते. शिलका, साठे, मोजण्या, रिकाम्या जागा, एवढंच तिचं राज्य.

आकडा असूनही एका ठिकाणी जपावं लागतं: उत्तराची तुलना एखाद्या उंबरठ्याशी होत असेल तर. एकूण १० लाखांच्या वर गेलं की इशारा द्यायचा आहे आणि मर्यादा ५,००० आहे. बेरीज ८ लाख आली तर चिंता नाही. ९ लाख ९७ हजार आली, तर ते उत्तर निकामी आहे, तीच क्वेरी मर्यादा शून्य करून पुन्हा चालवा. एकूण मर्यादेच्या जोडीला गटागटाच्या मर्यादाही लावता येतात. वर उल्लेख केलेल्या कामत-रामामृतम यांच्या कामात तशी उतरंड आहे, संपूर्ण क्वेरीसाठी एक, तिच्यातल्या गटांसाठी वेगळी, एकेका वस्तूसाठी त्याहून वेगळी. नाहीतर सगळी ५,००० ची चूक एकाच छोट्या गटात साचते आणि त्या गटाचा आकडा हास्यास्पद होतो.

आणि एक पथ्य, ज्याला माझ्याकडे सूट नाही. अशा क्वेरीचं उत्तर घेऊन डेटाबेसमध्ये परत काही लिहायचं नाही. अंदाजे बेरजेवरून व्याज काढलं आणि ते खात्यात टाकलं, की वाचनातली तात्पुरती चूक कायमची झाली. पुढच्या महिन्यात तिच्यावर आणखी व्याज चढेल, आणि तेव्हा कुठलाही एप्सिलॉन तुम्हाला वाचवणार नाही.

आता, टाकायचा कुठे. एसक्यूएलच्या अधिकृत मानकात आयसोलेशनच्या (व्यवहार एकमेकांपासून अलग ठेवायच्या) चार पातळ्या आहेत आणि त्यातली एकही आकडा घेत नाही. तेव्हा हिशोब आपल्यालाच ठेवावा लागतो. तुमच्याकडे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं टेबल असेल, म्हणजे खातं, बदललेली रक्कम आणि कमिटची वेळ, तर ते जमण्यासारखं आहे. रिपोर्ट रीड कमिटेडवर, प्रायमरी कीच्या (प्रत्येक रोच्या ओळखक्रमांकाच्या) क्रमाने, तुकड्या-तुकड्याने वाचा. एक तुकडा वाचला की लॉक सोडा. सुरुवातीची आणि शेवटची वेळ टिपून ठेवा. मग नोंदींच्या टेबलातून त्या दोन वेळांच्या मधल्या सगळ्या बदलांची, चिन्ह न बघता, बेरीज काढा. नवीन उघडलेली आणि बंद झालेली खातीही धरा. तुम्ही वाचलेली प्रत्येक शिलक त्या अवधीतल्या कुठल्या ना कुठल्या क्षणी खरी होती, म्हणून एकूण चूक या बेरजेपेक्षा जास्त असूच शकत नाही. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेलेल्या रकमांची एकच बाजू मोजली तरी पुरते, आकडा आणखी आवळतो. तो ठरलेल्या मर्यादेच्या आत आला तर रिपोर्टच्या तळाशी छापा. बाहेर गेला तर रिपोर्ट टाकून द्या आणि कमी गर्दीच्या वेळी पुन्हा चालवा.

त्या नोंदींच्या टेबलावर वेळेचा इंडेक्स आहे ना, ते मात्र आधी बघून घ्या. नाहीतर चूक मोजणारी क्वेरीच मूळ रिपोर्टपेक्षा जास्त वेळ चालेल, आणि त्याबद्दलचं पत्र मला पुढच्या अंकासाठी येईल.